सोळा रस्त्यांची एक रात्र

रात्री साडेनऊच्या सुमारास लातूरच्या गंजगोलाईतली शटरे एकापाठोपाठ एक खाली येऊ लागतात, शेवटचे हातगाडे निघून जातात, आणि दिवसभर पोती, रिक्षा, ताडपत्र्या, फलक व गिऱ्हाइके यांच्या आड दडलेली ती गोल दुमजली वास्तू मग कुठे नजरेला येते. १९१७ साली, निजामी राजवटीत बांधलेल्या या वास्तूचा आराखडा फैय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केला. मधोमध अंबाबाईचे देऊळ, त्याभोवती बाजाराचे वर्तुळ आणि त्या वर्तुळाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफांचा रस्ता वेगळा, चपलांचा वेगळा, मिरची-गुळाचा वेगळा. लातूरकर तिला नुसते ‘गोलाई’ म्हणतात. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड अशा चहूअंगांनी शहर पसरले, तरी गावाचा मध्य कुठे असे विचारले तर माणूस आजही गोलाईकडेच बोट दाखवतो. हा मध्य रात्री दहानंतर ओस पडतो. तिथे जायला कोणाला मनाई नाही, पण खरेदी संपल्यावर तिथे जावे असे काही कारणच उरत नाही.

ते कारण आपण निर्माण करावे, असे मला मनापासून वाटते. लातूर महानगरपालिकेने वर्षातून एक रात्र गोलाई आणि तिला मिळणारे सोळा रस्ते समकालीन कलांसाठी मोकळे करावेत. तिकीट नसावे, पास नसावा, राखीव खुर्च्या नसाव्यात. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार, नाटकवाले, हलगीवादक, कवी, लघुपट करणारी मुले यांनी त्या जागेसाठी, त्या जागेविषयी काही नवे घडवावे आणि शहराने रात्रभर हिंडून ते पाहावे. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला शेकडो मुले बसवली. दहावीच्या निकालात त्या श्रेणीचे वाढीव गुण मिळाले की त्यातल्या बहुतेकांच्या हातातला ब्रश कायमचा सुटताना मी पाहिला आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

अशा उत्सवाची कल्पना जगात नवी नाही. पॅरिसच्या महापालिकेने ऑक्टोबर २००२ मध्ये ‘न्वी ब्लांश’ सुरू केला. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सरकारी इमारती, चौक, नदीचे काठ कलाकृतींसाठी उघडे ठेवायचे आणि कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, एवढीच त्यामागची योजना होती. फ्रेंच भाषेत या शब्दांचा अर्थ न झोपता काढलेली रात्र असा होतो. आपण त्याला जागरण म्हणतो. पुढच्या वर्षी रोमने, २००६ मध्ये टोरांटोने आणि नंतर इतर अनेक शहरांनी ही पद्धत उचलली. आपल्या राज्यात मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतो आणि तोही मोफत असतो. केरळात १२ डिसेंबर २०१२ रोजी कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन, सुरू झाली आणि फोर्ट कोचीतल्या जुन्या वखारी समकालीन कलेच्या जागा झाल्या. मात्र या उदाहरणांवर मी माझा युक्तिवाद उभा करत नाही. पॅरिसने केले म्हणून लातूरने करावे, हे कारण पुरेसे नाही आणि ते आपल्याला शोभणारेही नाही. लातूरने हे करावे, कारण त्यासाठी लागणारी सवय लातूरच्या लोकांना आधीपासून आहे.

या सवयीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘समकालीन कला आपल्या लोकांना कळणार नाही’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो सुशिक्षितांकडूनच येतो. गणेशोत्सवात रात्री नऊनंतर सगळे घर कुलूप लावून देखावे पाहायला निघते. देखावा म्हणजे तरी काय असते? एका मोकळ्या जागेत, ठरावीक काळापुरती, प्रकाश, आवाज, कापड, लाकूड आणि माणसे यांची केलेली मांडणी, जिच्यातून माणूस चालत जातो. कलामहाविद्यालयांत ज्याला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणतात त्याची ही व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी आहे. लहान मूल बापाच्या खांद्यावर बसून देखावा पाहते, म्हातारी त्याच्याकडे बराच वेळ पाहून ‘मागच्या साली याहून चांगला होता’ असे मत देते, आणि ते मत तिने कोणाच्या पुस्तकातून घेतलेले नसते. हा प्रेक्षक अडाणी नाही. त्याला वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे विषय दाखवले गेले, एवढेच. आराध्यांची गाणी, गोंधळ्यांचा संबळ, भारूड, कीर्तन हे सगळे या भागात रात्री आणि उघड्यावरच चालत आले आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि त्याचा अर्थ दुसराच निघतो, हे ज्याच्या आजीला समजत होते, त्याला समोर दिसणाऱ्या वस्तूचा अर्थ त्या वस्तूपलीकडे असू शकतो हे नव्याने शिकवावे लागत नाही.

मग देखावे आहेतच, तर वेगळा उत्सव कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. देखावा मंडळाचा असतो, मंडळ गल्लीचे असते, आणि तो पाहायला जाण्यामागे धर्माचे निमित्त असते. जयंतीच्या मिरवणुका, उरूस, जत्रा यांचेही तसेच आहे. त्यांना मी कमी लेखत नाही, पण प्रत्येकाचा एक यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे असतात. ज्या रात्री कोणीच यजमान नाही आणि कोणीच पाहुणा नाही, अशी रात्र आपल्या शहराच्या वर्षात नाही. दुसरे म्हणजे देखाव्यात आजचा प्रश्न क्वचित येतो, आणि आला तरी तो संदेशाच्या रूपात येतो: ‘झाडे लावा’, ‘मुलगी वाचवा’. कलावंताने स्वतःच्या जगण्यातून उचललेला, ज्याचे उत्तर त्याला स्वतःलाही ठाऊक नाही असा प्रश्न शहराच्या मध्यावर मांडला जावा, यासाठी वेगळी जागा लागते. समकालीन कला या शब्दाने मला एवढेच म्हणायचे आहे. कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ओळखू येणाऱ्या एका वर्गाची ती खासगी भाषा असावी, असे मला वाटत नाही.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सरकारी लोककला महोत्सवांत हलगीवाला आणि पोतराज यांना रंगमंचावर आणून त्यांच्याकडून दहा मिनिटांचा ‘प्रकार’ सादर करून घेतात आणि निवेदक त्यांची लोप पावत चाललेली परंपरा म्हणून ओळख करून देतो. जिवंत माणसाविषयी तो समोर उभा असताना असे बोलणे अपमानाचे आहे. हलगी वाजवणारा पंचविशीतला मुलगा हा आजचा संगीतकार आहे. त्याला ट्रॅक्टरवरचे साउंड आणि डीजे माहीत आहे, लग्नातली सुपारी कशी आटत चालली तेही माहीत आहे, आणि या सगळ्याविषयी त्याला हलगीतून काही म्हणायचे असू शकते. त्याला परंपरेचा नमुना म्हणून न बोलावता नवी रचना करायला बोलवावे. गोलाईतल्या सोळा रस्त्यांच्या तोंडाशी सोळा हलग्या उभ्या केल्या आणि मधल्या वर्तुळात त्यांचे बोल एकमेकांवर येऊन आदळू दिले, तर काय ऐकू येईल, याची मी कित्येकदा कल्पना केली आहे.

आता पाण्याकडे येतो. प्यायला पाणी नाही, शेतकरी आत्महत्या करत आहेत आणि तुम्हाला कलेचे सुचते, असे मला तोंडावर सांगितले गेले आहे. सांगणारी माणसे वाईट नव्हती, म्हणून त्यांना नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरच्या प्रशासनाला पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. पाण्यासाठी पाचाहून अधिक माणसांनी एकत्र येण्यावर बंदी आली. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडलेले, गल्लोगल्ली रिकाम्या घागरींच्या रांगा लागलेल्या, आणि रात्री दोन वाजता टँकर आला की बाया अंथरुणातून उठून धावायच्या. त्या उन्हाळ्याने या शहराला जे शिकवले ते विसरायला आपल्याला दोन पावसाळे पुरले. शहराच्या मध्यावर त्याची एखादी खूण मला तरी दिसत नाही. बोअर पुन्हा खोल जात राहिले, नव्या इमारती उभ्या राहताना पाण्याचा हिशेब पुन्हा मागे पडला.

कलेने पाणी येत नाही, हे मी मान्य करतो. पाणीपुरवठ्याच्या एका रुपयालाही या उत्सवासाठी हात लावू नये, हेही मान्य करतो. पण टंचाई फक्त उन्हाळ्यात आठवणारे शहर टंचाईवर उपाय करू शकत नाही, आणि सार्वजनिक आठवण टिकवण्याचे काम अहवालांना जमत नाही. समजा, गोलाईच्या एका रस्त्यावर त्या वर्षी रांगेत उभ्या राहिलेल्या बायांनी आपापली घागर आणून ठेवली, तिच्यावर आपल्या गल्लीचे नाव आणि तेव्हा रोज मिळालेले पाणी खडूने लिहिले, आणि त्या शेकडो घागरींमधून एका माणसाला जाता येईल एवढीच वाट मोकळी ठेवली. त्या वाटेने चालत गेलेला नगरसेवक, बिल्डर, अभियंता आणि बारावीचा विद्यार्थी पाण्याविषयी काही वेगळा विचार करील की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. पण त्याला तो विचार करण्याची वेळ आणि जागा मिळेल. शेतकऱ्याच्या दुःखाचेही तसेच. ते आकड्यांत रोज छापले जाते, म्हणूनच त्याच्याकडे पाहणे सुटले आहे. आधी पाणी आणि मग कला, अशी रांग लावणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की गेल्या कित्येक वर्षांत कला मागे ठेवल्यामुळे पाणी किती पुढे आले?

मोफत असण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. निदान वीस रुपये तरी तिकीट ठेवा, म्हणजे हौशे-नवशे येणार नाहीत आणि लोकांना किंमत राहील, असे अनेक जण सांगतात. वीस रुपये ही रक्कम लहान आहे, हे खरे. पण तिकीट आले की दार येते, दार आले की आतले आणि बाहेरचे होतात, आणि हमालीचे काम संपवून सायकलवरून घरी निघालेला माणूस दाराबाहेरचा ठरतो. त्याला कोणी अडवणार नाही. तो स्वतःच अडेल. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मळक्या कपड्यांतला माणूस जसा अडखळतो, तसा. या उत्सवाचा खरा प्रेक्षक तोच आहे, जो उत्सव पाहायला निघालेला नव्हता, रस्त्याने जाता जाता थांबला, पाच मिनिटे पाहिले, ‘हे काय आहे’ असे शेजारच्याला विचारले आणि मग घरी जाऊन बायको-मुलांना घेऊन परत आला. ज्या गोष्टीची गोडी अजून लागलेली नाही तिच्यासाठी माणूस तिकीट काढत नाही, आणि ती कधी समोर आलीच नाही तर गोडी लागणारही नाही. हे कोडे रस्त्यावर, फुकट आणि वारंवार दाखवूनच सुटते.

मात्र प्रेक्षकाला मोफत म्हणजे कलावंताने मोफत राबायचे, असा अर्थ होऊ देता कामा नये. आपल्याकडे तो फार सहज होतो. मंडप, ध्वनिव्यवस्था, हार, नारळ, जेवण या सगळ्यांची बिले निघतात आणि कलावंताला ‘तुमचे नाव होईल’ असे सांगितले जाते. एकदा एका कार्यक्रमासाठी माझ्या विद्यार्थ्यांनी चार दिवस बसून सजावटीचे मोठे पडदे रंगवले. कार्यक्रम झाल्यावर त्यांना रंगांचे पैसेसुद्धा मिळाले नाहीत आणि मी ते माझ्या पगारातून दिले. पैशापेक्षा मला त्या मुलांच्या चेहऱ्यांचे वाईट वाटले, कारण आपल्या कामाची किंमत शून्य आहे, हे शहराने त्यांना त्या दिवशी अठराव्या वर्षी सांगितले होते. त्यामुळे या उत्सवात पहिला खर्च मानधनाचा असावा आणि तो कार्यक्रमाच्या आधी निम्मा द्यावा. बाकी मांडव, कमानी, रोषणाई यांची इथे फारशी गरजच नाही. शटरे आहेत, भिंती आहेत, वरच्या मजल्याचे सज्जे आहेत, सोळा दिशांनी येणाऱ्या वाटा आहेत. इतका तयार रंगमंच बांधायचा म्हटले तरी बांधता येणार नाही.

पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न दानशूरपणावर सोडू नये. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवण्याची अठरा कामे दिली आहेत. त्यात पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, आणि तेराव्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हेही आहे. म्हणजे हे काम हौसेचे नाही, नेमून देण्याजोग्या कामांपैकी एक आहे. कंपनी कायद्यातल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतूनही कला-संस्कृतीवर खर्च करता येतो, आणि आपल्याकडे डाळ व तेलाच्या उद्योगांनी पैसा मिळवलेला आहे. त्यांची मदत जरूर घ्यावी, पण एकाच प्रायोजकाच्या नावाने उत्सव ओळखला जाऊ नये. टोरांटोच्या उत्सवाला पहिली दहा वर्षे एका बँकेचे नाव जोडलेले होते. २०१५ नंतर बँक बाजूला झाली आणि शहराला नव्याने जुळवाजुळव करावी लागली. तिथे शहराची यंत्रणा भक्कम होती म्हणून उत्सव टिकला. आपल्याकडे फ्लेक्सवरचा चेहरा बदलला की उपक्रम बंद पडतो. म्हणून फ्लेक्स नको, उद्घाटनाचे व्यासपीठ नको, सत्कार नको. अंधार पडला की उत्सव सुरू व्हावा आणि उजाडले की संपावा.

कलाकृती कोणत्या निवडायच्या, हे ठरवणारी समिती कलावंतांची असावी, तिची नावे जाहीर असावीत आणि दरवर्षी निम्मे सदस्य बदलावेत. एखादी कलाकृती कोणाला खटकेल, तक्रार होईल, हे गृहीतच धरले पाहिजे. तेव्हा पोलिसांनी ती झाकून टाकावी आणि प्रश्न मिटवावा, ही वाट सोपी आहे. पण एकदा ती धरली की पुढच्या वर्षी फक्त रांगोळ्या आणि संदेश उरतील.

रात्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. पॅरिसच्या पहिल्याच न्वी ब्लांशच्या रात्री, महापालिकेची इमारत सर्वांसाठी उघडी असताना, महापौर बर्त्रां दलानोए यांच्यावर गर्दीतल्या एका माणसाने सुऱ्याने वार केला. रुग्णालयात नेत असताना त्यांनी उत्सव थांबवू नका, असे सांगितले. तो थांबला नाही आणि पुढच्या वर्षीही झाला. रोममध्ये २००३ च्या सप्टेंबरात पहिल्याच रात्री पहाटे साडेतीनच्या सुमारास जवळपास सगळ्या इटलीची वीज गेली आणि रस्त्यांवरची माणसे पावसात, अंधारात अडकली. या दोन्ही गोष्टींचा आपण आधीच विचार करून ठेवावा. वीज जाणे आपल्याला नवे नाही. काही कलाकृती अशाच असाव्यात की ज्या दिवटीच्या उजेडातही उभ्या राहतील.

पण सुरक्षिततेबद्दल बोलताना आपण बहुधा बायका-मुलींविषयी बोलत असतो, आणि त्याचे उत्तर म्हणून त्यांना घरात ठेवतो. नवरात्रात बाया रात्री बाहेर पडतात, जागरण-गोंधळाला बसतात, कोजागरीच्या सुमारास तुळजापूरच्या वाटेवर रात्रभर चालतात. त्या वाटेवर गावोगावचे लोक चहा-फराळ घेऊन उभे असतात आणि कोणाचे पाय दुखले तर तेल लावून देतात. म्हणजे रात्र आणि बाई या दोन गोष्टी एकत्र येण्याला या मुलखाचा विरोध नाही. त्यासाठी देवाचे निमित्त लागते, एवढीच अट आहे. ती अट वर्षातून एका रात्रीपुरती तरी उठली पाहिजे. पुरेसा उजेड, दर शंभर पावलांवर स्वच्छ स्वच्छतागृह, महिला पोलीस, पहाटेपर्यंत सोळाही दिशांना सोडणाऱ्या शहर बसगाड्या, आणि मुख्य म्हणजे मोठ्या संख्येने आलेल्या इतर बाया, यांनी सुरक्षितता येते. ओस पडलेला रस्ता कितीही कॅमेरे लावले तरी असुरक्षितच राहतो.

मला एकदाच या शहरात सगळी माणसे रात्री बाहेर दिसली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, मिरवणुका आटोपून लोक नुकते झोपले होते, आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर कित्येक आठवडे लातूर शहरातही छताखाली झोपायला कोणी धजत नव्हते. आम्ही शाळेच्या मैदानावर सतरंज्या टाकून झोपायचो. शेजारी कोण आहे, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे कोणी विचारत नसे, आणि अनोळखी बाया एकमेकींची लेकरे थोपटत. भीतीने का होईना, शहर तेव्हा एका उघड्या आभाळाखाली आले होते. भीती नसताना ते तसे यावे, ही इच्छा माझ्या मनातून तेव्हापासून गेलेली नाही.

आणखी एका गटाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘लातूर पॅटर्न’ या परीक्षांच्या तयारीच्या पद्धतीच्या नावाने दरवर्षी हजारो मुले-मुली इथे राहायला येतात. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट सिरीज, रात्री अभ्यासिका आणि मेसचा डबा. सोळा ते अठरा या वयाची दोन वर्षे ती इथे काढतात आणि जाताना शहरातला ट्यूशन एरिया तेवढा पाहून जातात. त्यातल्या अनेकांनी गोलाई नीट पाहिलेलीही नसते. या मुलांवर येणाऱ्या ताणाविषयी आपण बैठका घेतो, समुपदेशक नेमतो, ते करावेच. पण ज्या शहराने त्यांच्या पालकांकडून शुल्क आणि भाडे घेतले, त्या शहराने त्यांना एक रात्र काहीही न मागता द्यावी, त्यात गुण नसावेत, क्रमांक नसावा, स्पर्धा नसावी. हवे असेल त्याने एखाद्या शटरवर खडूने चित्र काढावे. अभ्यास बुडेल, असे म्हणणाऱ्या पालकांना मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो की एका रात्रीने कोणाचा निकाल बिघडत नाही.

आवाजाचे बंधन मला अडचण वाटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवून देऊ शकते. त्यातला एक दिवस या उत्सवाला मिळावा आणि बारानंतरचा उत्सव मुकाट असावा. सावल्यांचे खेळ, भिंतीवर पडणारी चित्रे, मूकाभिनय, हातात घेऊन वाचायच्या कविता, नुसते बसून पाहायचे प्रकाश. आपल्या सार्वजनिक जीवनात शांततेला इतकी कमी जागा राहिली आहे की शेकडो माणसे एकत्र असूनही आवाज नाही, हा अनुभवच अनेकांना नवा वाटेल. जवळपास राहणाऱ्या आजारी माणसांना आणि गल्लीतल्या तान्ह्या लेकरांना त्याचा त्रासही होणार नाही. कचरा आणि पार्किंग यांची व्यवस्था जत्रेसाठी जशी लावतो तशी लावता येईल.

राहिला दिवस कोणता, हा प्रश्न. व्यापाऱ्यांचा धंदा बुडू नये, उन्हाळा नसावा, पाऊस नसावा, परीक्षा नसावी आणि निमित्त आपल्या मातीतले असावे, अशी रात्र शोधू लागलो तेव्हा मला येळवस आठवली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, लातूर आणि धाराशिव भागात सगळे शहर शेतावर जाते. बाजार बंद असतो, रस्ते ओस पडतात, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. शेतात कडब्याची कोप उभी करून पूजा होते, आणि भज्जी, अंबिल, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर यांचे जेवण असते. या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट अशी की ज्याला शेत नाही तो कोणाच्याही शेतात जाऊन जेवतो. ओळख लागत नाही, बोलावणे लागत नाही, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून पानावर बसवले नाही तर घरधन्यालाच चुकल्यासारखे वाटते. मोफत या शब्दाचा इतका सुंदर अर्थ मला दुसरीकडे आढळलेला नाही. तिथे कोणी उपकार करत नाही आणि कोणी उपकार घेत नाही.

त्या दिवशी शेतकऱ्याने शेत सगळ्यांसाठी उघडलेले असते. त्याच रात्री शहराने आपला मध्य सगळ्यांसाठी उघडावा. संध्याकाळी शेतात हेंडगा, म्हणजे मशालीसारखी चूड, पेटवून फिरवला जातो आणि मग माणसे घरी परततात. ती परतताना गोलाईवरून जावीत. शटरे आधीच बंद असतील, त्यामुळे कोणाच्या गल्ल्याला झळ लागणार नाही. अमावास्या असल्याने प्रकाशाच्या कामाला हवा तेवढा अंधार असेल. ज्यांचे गाव दूर आहे आणि जे त्या दिवशी कोणाच्याच शेतात गेले नाहीत, त्या वसतिगृहातल्या मुलांना जायला एक ठिकाण असेल. अमावास्येची रात्र अशुभ मानणारे काही जण बाहेर पडणार नाहीत आणि दिवसभराच्या उन्हाने दमलेले काही जण लवकर झोपतील. पहिल्या वर्षी गर्दी कमी असली तरी हरकत नाही. पहिल्या वर्षी सोळापैकी चारच रस्ते घ्यावेत, ते नीट करावेत आणि कोणते काम लोकांनी थांबून पाहिले, कोणते ओलांडून गेले, याची नोंद ठेवावी.

कलावंताला जागा पाहून काम घडवायला निदान सहा महिने लागतात. महापालिकेचे अंदाजपत्रक एप्रिलपासूनच्या वर्षासाठी होते आणि येळवस त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी येते, म्हणजे वेळ पुरेसा आहे. येत्या अंदाजपत्रकात या एका रात्रीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि त्यात मानधनाची रक्कम मंडप व इतर खर्चापासून वेगळी दाखवावी.